काचेतले पाणी आणि १ सप्टेंबर १९४०

१/
मुंबईतील शोभिवंत माशांची दुकाने आणि १ सप्टेंबर १९४० ही तारीख यांचा परस्परांशी काय संबंध? ही तारीख शाळेच्या पुस्तकात नाही. ती भाड्याच्या कायद्यातील एका व्याख्येत दडलेली आहे. मात्र या तारखेच्या सावलीत गिरगाव, दादर, परळ भागांतील असंख्य छोटी दुकाने अर्धशतकाहून अधिक काळ तगली. ही सावली कशी पडली, कशी सरली आणि भंडाऱ्याच्या तलावांच्या इतिहासाशी तिचे नाते कसे जुळते, याचा हा धागा.

२/
आरंभ मुंबईपासून दूर, भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरपासून करू. नागपूर–भंडारा मार्गालगतची ही आयुध निर्माणीची वसाहत. १९६२ च्या युद्धानंतर देशाने दारूगोळ्याच्या उत्पादनाचा जो विस्तार केला, त्यातून १९६० च्या दशकात हा कारखाना आणि त्याच्याभोवतीचे गाव उभे राहिले. ज्या जिल्ह्यात ते वसले, त्याची ओळख मात्र फार जुनी आहे: तलावांचा जिल्हा. इथे मासा म्हणजे धीवर समाजाची उपजीविका आणि पावसाळ्यातले ताटातले अन्न. काचेच्या पेटीत मासा केवळ पाहण्यासाठी ठेवणे, ही इथल्या परंपरेला परकी कल्पना.

३/
अशा छोट्या वसाहतीत केवळ शोभिवंत माशांवर चालणारे दुकान टिकणे अवघड असते. कारण भाडे नव्हे, गिऱ्हाईक. वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: प्रत्येक व्यवसायाला तग धरण्यासाठी किमान लोकसंख्या लागते. किराण्याला काही शे घरे पुरतात. माशांच्या दुकानाला काही लाख माणसे लागतात, कारण शेकडो घरांतून एखादेच घर टाकी ठेवते. म्हणून हे दुकान स्वभावतः मोठ्या शहराचे अपत्य. आणि पेच इथेच आहे. जिथे पुरेशी गिऱ्हाईके, तिथेच जमीन सर्वांत महाग.

४/
छंदाची मुळे पाहू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ राजाच्या करमणुकींची सविस्तर नोंद ठेवतो. त्यात 'मत्स्यविनोद' हा स्वतंत्र विषय आहे. माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य, गळ टाकण्याचे तंत्र, सारे त्यात येते. हे सारे राजाला परवडणारे होते, कारण जलाशय त्याचा, सेवक त्याचे आणि वेळही त्याचाच. मासा पाळणे किंवा न्याहाळणे यासाठी पाणी, जागा आणि सवड या तीन गोष्टी लागतात, हे तेव्हापासूनचे सत्य.

५/
सामान्य घरात मासा आला तो काचेमुळे. इंग्लंडमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने दाखवले की पाणवनस्पती, मासे आणि गोगलगायी यांचा मेळ साधला, तर बंद पात्रातले पाणी दीर्घकाळ चांगले राहते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला. राजाचा विनोद मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात येऊन बसला.

६/
मुंबईत या व्यापाराला घर मिळाले ते मंडईत. १८६९ मध्ये पूर्ण झालेली क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, फळे-भाज्यांसाठी प्रसिद्ध. परंतु तिच्या आवारात पाळीव पक्षी, प्राणी आणि शोभिवंत मासे यांचाही बाजार रुजला. इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. मंडई महापालिकेची. गाळ्याचे भाडे खुल्या बाजारातील जमिनीच्या भावाने ठरत नसे. म्हणजे भर शहरात मासे विकता आले, याचे एक कारण हे की, जागेचा मालक नफ्याच्या हिशेबाने चालणारा नव्हता.

७/
१९५१ हे या कथेतील कळीचे वर्ष. मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले. पारशी दानशूराची देणगी आणि सरकारचा पैसा यांतून साकारलेल्या या वास्तूचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. शाळांच्या सहली, सुट्टीत मुंबईला आलेली पाहुणे मंडळी, रविवारची कुटुंबे अशा सर्वांनी काचेमागचा समुद्र इथे प्रथम पाहिला. असे मत्स्यालय पाहून आलेल्या मुलाचा हट्ट साहजिकच घराजवळच्या दुकानापाशी येऊन थांबे. कुतूहल सार्वजनिक संस्थेने जागवायचे आणि ते जोपासायचे छोट्या दुकानाने, अशी ही न ठरवता झालेली वाटणी होती.

८/
आता ती तारीख. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि फाळणीनंतर मुंबईत माणसांचा लोंढा आला, घरे अपुरी पडली, भाडी भडकली. त्यावर उपाय म्हणून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने 'प्रमाणित भाडे' ठरवताना १ सप्टेंबर १९४० ही रेषा आखली. त्या दिवशी जागेचे जे भाडे होते तेच प्रमाणित, आणि जागा त्यानंतर प्रथम भाड्याने गेली असेल तर तेव्हाचे. हा नियम केवळ घरांना लागू नव्हता. चाळीच्या तळमजल्यावरील गाळ्यांनाही होता.

९/
युद्धकाळासारख्या अपवादासाठी घातलेली ही मर्यादा पुन्हापुन्हा मुदतवाढ मिळत पन्नास वर्षे टिकली. रुपयाचे मोल घसरत गेले, भाडे जागच्या जागी राहिले. परिणामी शिंपी, जिल्दसाज, घड्याळजी, जुनी पुस्तके विकणारा आणि मासेवाला, अशा कमी कमाईच्या पण कसबाच्या धंद्यांना शहराच्या मध्यभागी राहणे शक्य झाले. नवा भाडेकरू 'पागडी' देऊन आत येई. ती रक्कम मोठी असली तरी एकदाच द्यायची. पुढे दरमहा द्यावे लागे ते नाममात्र भाडे. सरकारी अंदाजपत्रकात कुठेही न दिसणारे हे एक अनुदान होते.

१०/
ते देत होता कोण? घरमालक, आणि तोही नाइलाजाने. भाड्यात दुरुस्तीचा खर्च निघेना, म्हणून इमारती खंगत गेल्या, पावसाळ्यात कोसळू लागल्या, माणसे दगावली. शेवटी १९६९ मध्ये राज्याला उपकर लावून दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला. जुन्या मुंबईच्या आठवणी रम्य वाटतात तेव्हा हे विसरता कामा नये. स्वस्त गाळ्याची किंमत कोणीतरी मोजत होतेच: कधी मालक, कधी तडा गेलेल्या भिंतीखाली झोपणारे भाडेकरू.

११/
ही सावली माशांच्या दुकानाला इतरांहून अधिक का लागे, हे समजण्यासाठी थोडे गणित. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते. पाण्याचेच वजन सुमारे ५६ किलो. काच आणि वाळू निराळी. अशा १५ टाक्या तीन थरांत रचल्या की जवळपास ८५० किलो पाणी भिंतीला लागून उभे राहते. हे वजन पोटमाळ्यावर चढवता येत नाही. त्यासाठी भक्कम तळमजला हवा, आणि तळमजला हीच इमारतीतली सर्वांत महाग जागा.

१२/
दुसरा खर्च वेळेचा. माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. गाळणीत वाढणारे सूक्ष्मजीव त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जीव स्थिरावायला काही आठवडे लागतात. शिवाय नवे मासे आल्यावर जाणता दुकानदार त्यांना वेगळ्या टाकीत ठेवतो, रोग दिसतो का ते पाहतो आणि मगच विक्रीला काढतो. या काळात ती टाकी एक पैसाही कमावत नाही. प्रामाणिक दुकानात म्हणूनच काही जागा सतत 'रिकामी' असते. चौरस फुटाने भाडे मोजणाऱ्या शहराला ही प्रामाणिकता परवडत नाही.

१३/
तिसरा खर्च प्रवासाचा. चेन्नईतील कोळत्तूर हे देशातील शोभिवंत मत्स्यपैदाशीचे मोठे केंद्र. कोलकाता आणि हावडा परिसर हे दुसरे. तिथून प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून मासे मुंबई, पुणे, नागपूरला येतात. वाटेत काही मरतात, पोहोचल्यावर आणखी काही. वीज चोवीस तास लागते. हवेचा पंप दीर्घकाळ बंद पडला तर दाटीने भरलेल्या टाक्यांत मासे गुदमरतात. कापडाच्या दुकानाला कुलूप लावून गावी जाता येते. मासेवाल्याला गणपतीतही कोणाला तरी टाक्यांपाशी ठेवूनच गावाकडे निघावे लागते.

१४/
मग कमाई कुठून? मासा हे दुकानाचे आकर्षण. गल्ला भरतो तो इतर वस्तूंमुळे. खाद्य, गाळणी, दिवे, पंप, औषधे, वाळू, शोभेचे दगड. गप्पीची जोडी थोडक्या पैशांत जाई, पण तिच्यासाठी घेतलेली टाकी आणि सामान दुकानाचे भाडे फेडत असे. आणि या सर्वांसोबत एक गोष्ट फुकट मिळे: सल्ला. 'एवढ्या टाकीत एवढेच मासे', 'पाणी एकदम सगळे बदलू नका', 'हे दोन मासे एकत्र ठेवले तर भांडतील'. ज्ञानाची किंमत डब्यावर छापलेली नसते. ती डब्याच्या किमतीत मिसळलेली असते.

१५/
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप औपचारिकपणे कधीच संपला नाही. गिरण्या मात्र एकेक करून संपल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा अन्य वापर शक्य केला आणि जिथे भोंगे वाजत तिथे कालांतराने मॉल आणि मनोरे उभे राहिले. चाळीतले कुटुंब डोंबिवली, बदलापूर, वसई-विरारकडे सरकले. छोट्या दुकानाचे ओळखीचे गिऱ्हाईक लोकलच्या शेवटच्या स्थानकापर्यंत पांगले.

१६/
मॉलमध्ये जावे, तर तिथले भाडे झटपट खपणाऱ्या मालाच्या हिशेबाने ठरते. शेकडो लिटर पाण्याचे वजन, गळती, ओल आणि रोजचा पाणीबदल कोणत्याच व्यवस्थापनाला नको असतो. उपनगरात जावे, तर नवा गाळा बाजारभावाने घ्यावा लागतो. जुना मासेवाला म्हणून जुन्याच जागी थांबला. तोवर त्या जागेवरची सावलीही हलू लागली होती.

१७/
१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात स्पष्ट केले की १९४० च्या पातळीवर गोठवलेले भाडे आता अवाजवी ठरले आहे. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वर्षाला ४ टक्के वाढीला मुभा दिली, पागडीला कायदेशीर मान्यता दिली आणि बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या तसेच १ कोटी रुपये किंवा अधिक भरणा भागभांडवल असलेल्या कंपन्यांचे संरक्षण काढून घेतले. छोट्या जुन्या भाडेकरूंचे संरक्षण मात्र कायम राहिले.

१८/
मग दुकाने का बंद पडतात? या प्रश्नाचे उत्तर अनेकदा चुकते, कारण प्रश्नच अर्धवट विचारला जातो. दुकान बंद होणे नवे नाही. मालक थकतो, मुलगा नोकरी धरतो, इमारत पाडली जाते; हे सर्व काळी घडत आले आहे. बदलले ते पुढचे पाऊल. पूर्वी एक मासेवाला उठला तर दुसऱ्या गल्लीत नवा बसे. आता नव्या माणसाला गाळा मिळतो तो ठरावीक मुदतीच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर, बाजारभावाने, मोठ्या अनामतीसह. मृत्यूचे प्रमाण फार बदलले नसेल, जन्म थांबले. महाग शहरात छोट्या दुकानांची जात नाहीशी होते ती अशी.

१९/
पुनर्विकासाचा फटका याहून विचित्र. जुन्या इमारतीतील गाळेधारकाला नव्या इमारतीत जागा मिळण्याची तरतूद असते. पण मधली वर्षे? पुस्तके गोदामात ठेवता येतात, शिलाई यंत्र भावाच्या घरी नेता येते. स्थिरावलेल्या टाक्या, त्यांतील सूक्ष्मजीव, पैदाशीच्या जोड्या, रविवारी न चुकता येणारी गिऱ्हाइके: यांतले काहीच गुंडाळून ठेवता येत नाही. परतल्यावर गाळा नवा असतो आणि धंदाही शून्यापासून. त्यावेळी तो गाळा औषधाच्या किंवा मोबाइलच्या दुकानाला भाड्याने देणे हाच शहाणपणा ठरतो.

२०/
अमेरिकेतील नगरचिंतक जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्येच याचे कारण सांगितले होते. त्यांच्या मते शहराला जुन्या, साध्या, खर्च वसूल झालेल्या इमारतींची गरज असते, कारण नव्या बांधकामाचा भार फक्त भरपूर कमावणारे किंवा अनुदानावर चालणारे व्यवसायच पेलू शकतात. बाकीच्यांना जुनी जागा लागते. सारी जुनी जागा एकाच झपाट्यात नवी झाली की रस्त्यावर उरतात त्या बँका, साखळी दुकाने आणि दागिन्यांच्या पेढ्या. त्या मासेवाल्याचा द्वेष करत नाहीत. चौरस फुटाच्या शर्यतीत फक्त त्याच्या पुढे असतात.

२१/
त्यातच दुसरा आधारही निसटला. खाद्य, गाळण्या, दिवे हे सामान टिकाऊ, हलके आणि पार्सलने पाठवता येण्याजोगे. ऑनलाइन बाजाराने नेमके तेच उचलले. दुकानात उरले ते जड, ओले आणि मरणाधीन: मासे आणि पाणी. गिऱ्हाईक दुकानात येते, गाळणी हाताळते, सल्ला घेते आणि फोनवर तीच वस्तू स्वस्तात मागवते. फायद्याची बाजू घरपोच गेली आणि खर्चाची बाजू गल्ल्यापाशी राहिली. ज्या डब्याच्या किमतीत सल्ला मिसळलेला होता, तो डबाच दुकानातून गेला.

२२/
कायद्याचाही एक प्रसंग आहे. मे २०१७ मध्ये केंद्राने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली मत्स्यदुकानांसाठी नियम जारी केले. त्यांत १५८ जातींच्या प्रदर्शनावर व विक्रीवर बंधने होती. व्यापारी आणि उत्पादक यांचा विरोध झाला आणि पुढे हे नियम मागे घेण्यात आले. परंतु त्यामागची चिंता पोकळ नव्हती. अरुंद काचेच्या भांड्यात गुदमरणारा गोल्डफिश, सुईने रंग टोचलेले मासे, प्रवाळभित्तींतून ओरबाडलेले जीव हे या व्यापाराचे काळे अंग आहे. प्रत्येक बंद पडलेले दुकान शोक करण्याजोगे होते, असे म्हणता येणार नाही.

२३/
आणि छंद तर मेलेलाच नाही. कुर्ल्यात रविवारी भरणाऱ्या शोभिवंत माशांच्या बाजारात आजही पिशव्यांतून मासे घेऊन जाणाऱ्यांची गर्दी दिसते. अनेक हौशी मंडळी घरच्या गच्चीत पैदास करतात आणि व्हॉट्सॲपवर जोड्या विकतात. आठवड्यातून एक दिवस रस्ता वापरणाऱ्या बाजाराला सात दिवसांचे भाडे द्यावे लागत नाही, इतके साधे त्याचे अर्थशास्त्र. मात्र फिरत्या बाजारात आजारी माशाची तक्रार घेऊन मंगळवारी जाता येत नाही. टिकून राहिला तो व्यापार. लोपले ते उत्तरदायित्व.

२४/
हे फक्त मुंबईचे दुखणे नाही. जगातील अतिमहाग शहरांपैकी एक असलेल्या हाँगकाँगमध्ये तुंग चोई रस्त्यावर माशांची दुकाने दाटीने वसली आहेत; तिथे मासे पिशव्यांत भरून भिंतीवर टांगले जातात. जमीन महाग, म्हणून भिंतीलाच गाळा केले. पॅरिसने २००४ पासून वेगळी वाट धरली: एका निमसरकारी संस्थेमार्फत तळमजल्यावरील गाळे घेऊन ते छोट्या व्यवसायांना द्यायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०१५ मध्ये जुन्या वारसा व्यवसायांसाठी निधी मंजूर केला. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट मान्य केली गेली: महाग जमिनीवर कमी कमाईचा धंदा आपोआप टिकत नाही.

२५/
आपल्याकडे २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या पैदाशीला आणि विक्री केंद्रांनाही साहाय्य आहे. सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. पैदास करणाऱ्या ग्रामीण कुटुंबासाठी ही मोठी मदत. पण विक्री केंद्र बांधण्याचा खर्च मिळाला तरी ते उभे करायला दादरला जमीन कुठून आणायची? मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ज्ञान शहरात आहे, गिऱ्हाईक शहरात आहे. त्या दोघांना जोडणारा गाळा तेवढा नाही.

२६/
आता परत भंडाऱ्याला. १९५१ च्याच साली, मरीन ड्राइव्हवर काचेच्या टाक्या उजळत असताना, तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या भंडाऱ्यात ३१ मार्चपासून मालगुजारी संपुष्टात आली. कोहळी समाजाच्या कसबातून आणि गावांच्या श्रमातून उभे राहिलेले तलाव मालगुजारांच्या ताब्यातून सरकारकडे गेले. पुढे बहुतांश लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आले. 'माजी मालगुजारी तलाव' हे लांबलचक नाव लोकांनी आटोपशीर केले: 'मामा तलाव'. मामा उरला नावापुरता. गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, पाट मोकळे ठेवणे ही कामे कोणाची, याचे उत्तर धूसर झाले आणि अनेक तलाव उथळ होत गेले.

२७/
मालगुजारी जायलाच हवी होती. ती अन्यायाची व्यवस्था होती. १९४० चे गोठलेले भाडेही अनंतकाळ टिकणे न्याय्य नव्हते. दोन्ही सुधारणा रास्त. पण दोन्हींत एकच त्रुटी राहिली. जुन्या व्यवस्थेत दडलेला देखभालीचा खर्च नव्या व्यवस्थेत कोणाच्याच वहीत लिहिला गेला नाही. मामा तलाव आणि मुंबईतला मासेवाला यांच्यातील खरे साम्य मासा नव्हे. पाणी सांभाळण्याची मजुरी हे आहे. ती कोणी द्यायची हे ठरले नाही, म्हणून एकीकडे गाळ साचला आणि दुसरीकडे शटर खाली आले.

२८/
शहरातला हा तुटलेला धागा खेड्यातील पाण्यालाही भिडतो. दक्षिण अमेरिकेतील सकर मासा 'काच साफ करणारा' म्हणून विकला गेला. तो वाढत वाढत फुटाहून मोठा होतो. छोट्या टाकीत मावत नाही. मग कोणीतरी दया येऊन त्याला नदीत सोडतो. आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांना याच सकरने हैराण केले आहे: जाळी फाटतात, देशी माशांवर ताण येतो आणि हाती लागलेल्याला भाव नाही. हा मासा विकला दुकानांनीच, हे खरे. पण नकोसा मासा परत घेणारी, 'हा वाढेल, नेऊ नका' असे सांगू शकणारी जागाही दुकानच होती. घरपोच पार्सलला परतीचा दरवाजा नसतो.

२९/
भंडारा-गोंदियात अलीकडच्या वर्षांत धीवर समाजातील स्त्री-पुरुषांनी काही तलावांतली बेशरम उपटून काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक माशांना जागा करून दिली. ज्यांचा तलावावर हक्क, त्यांनीच देखभाल उचलली. आणि हक्क होता म्हणून ती उचलणे त्यांना शक्य झाले. शहरालाही याच दिशेने विचार करता येईल: महापालिकेच्या मंडयांच्या पुनर्विकासात कमी भाड्याचे काही गाळे कसबाच्या धंद्यांसाठी राखणे, हौशी मंडळींनी सहकारी तत्त्वावर एक दुकान चालवणे, सल्ल्याचे आणि मासा परत घेण्याचे उघड शुल्क ठेवणे.

३०/
तारापोरवाला मत्स्यालय २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर थाटात पुन्हा उघडले होते. अलीकडच्या काही वर्षांत त्याची दारे प्रेक्षकांसाठी पुन्हा बंद झाली. त्याच्या भवितव्यावर चर्चा होईल, आराखडे निघतील, कारण ती मोठी वास्तू आहे. गल्लीतल्या मासेवाल्यासाठी आराखडा निघत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणून पुढच्या वेळी एखाद्या जुन्या दुकानाचे शटर कायमचे खाली आलेले पाहिले, तर दोन प्रश्न विचारावेत: इतकी वर्षे याचे भाडे खरोखर कोण भरत होते? आणि आता त्याच्या जागी असेच दुसरे दुकान उघडायचे, तर ते कोण भरणार?

धागा समाप्त.